‘कुठे दिसलं?’

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीचा चित्रकलेचा तास माझ्याकडे असतो. त्या दिवशी अमृता शेरगिल यांचं ‘तीन मुली’ हे चित्र प्रोजेक्टरवर लावलं. कुणाचं, कधीचं, काही न सांगता विचारलं, “काय चाललंय या चित्रात?”

“तीन मुली बसल्यात.” मग एकीचं, “रुसल्यात.” दुसरा म्हणाला, “दमल्यात.”

“तुला ते चित्रात कुठे दिसलं?” हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नुसतं ‘का?’ विचारलं की आपलं चुकलं असं समजून मुलं गप्प होतात. ‘कुठे दिसलं’ म्हटलं की उठून पडद्यापाशी येतात. एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची एक मुलगी आली. बोट ठेवून म्हणाली, “बाई, तिघींची नजर खाली हाय. एकमेकींकडं पण बघत न्हाईत. रुसलेलं माणूस तोंड फिरवतंय. ह्यांना कुणीतरी बसवून ठेवलंय.”

“बघायला पाहुणे आले असतील,” एक मुलगा म्हणाला. कुणी हसलं नाही. लगेच विरोध झाला, पाहुणे असते तर मागे घर दिसलं असतं. भिंत, खिडकी, भांडी, काहीच नाही! हे रिकामेपण मुलांनी आपणहून हेरलं, याचा मला फार आनंद झाला.

मग कल्पनेचा प्रश्न टाकला, “यातली एक बोलली, तर काय म्हणेल?” मागच्या बाकावरचीच म्हणाली, “मी आत जाऊ का?”

एवढं झाल्यावर मुलांनीच विचारलं, “बाई, कुणी काढलं हे?” माहितीचे प्रश्न वाईट नसतात, पण त्यांची पाळी अशी यावी. बुडापेस्टचा जन्म, पॅरिसमधलं शिक्षण, १९३४ मध्ये भारतात परतणं, १९३५ चं हे चित्र, १९३७ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक. न सांगता सगळ्यांनी वहीत उतरवलं. अवघ्या २८ व्या वर्षी त्या गेल्या म्हटल्यावर वर्ग हळहळला.

“मागं मुद्दाम काही काढलं न्हाई का?” हा शेवटचा प्रश्न. पॉल गोगाँ या फ्रेंच चित्रकाराचा त्यांच्यावर प्रभाव होता, तोही सपाट रंग वापरायचा, एवढंच सांगितलं. पुढच्या तासाला त्याचं चित्र शेजारी लावणार आहे. सारखं काय नि वेगळं काय, ते मुलंच शोधतील. पाहुण्यांचा वाद मात्र मी मिटवलेला नाही.