सायबाच्या वाटेवर, फोन खिशात

सावंतवाडीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेले डिस्प्ले, फुगलेल्या बॅटऱ्या, पाण्यात पडलेले हँडसेट, यातच दिवस जातो. त्यामुळे वाड्यातल्या सगळ्यांची समजूत आहे की वायर असलेली कुठलीही वस्तू मला कळते. इगर्जीतला माईक शिट्टी मारायला लागला की मिस, म्हणजे चर्चमधली उपासना, संपायच्या आत निरोप येतो. २०२०च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली तेव्हा यूट्यूबवरून मिस दाखवायची सोय करायलाही मलाच बोलावलं होतं.

चर्च पुन्हा उघडलं, पण मी घरीच बसून राहिलो. खरं तेच सांगतो. कारण तयारच होतं: आई. तिच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच असते. रविवारी सकाळी मी तिच्यासमोर स्टँडवर फोन लावून देतो. मिस सुरू झाली की ती डोक्यावरून शाल घेते, खुर्स, म्हणजे क्रुसाची खूण, काढते आणि मला मेणबत्ती लावायला लावते. कुमगाराच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी डोळे मिटून घेते. तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसतं ते मला नीट सांगता यायचं नाही. भुकेल्या माणसासमोरून ताट पुढे गेल्यासारखं काहीतरी. आणि मी बाजूच्या खुर्चीवर चहा-बटर घेऊन बसलेला. एका रविवारी ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, ‘तुजे पाय धड आसत मां?’

एवढंच म्हणाली. म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी गोंयच्या सायबाच्या पायी निघालो.

सावंतवाडीहून जुन्या गोव्यापर्यंत ७० किलोमीटरच्या आसपास अंतर. ३ डिसेंबर हे सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेन, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालतात आणि आजूबाजूच्या मुलखातून माणसं चालत येतात. आम्ही चाळीसेक जण २८ तारखेला, शुक्रवारी पहाटे निघालो. अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं, पुढे खुर्स, मागे सामानाचा टेम्पो आणि टेम्पोवर स्पीकर. निघताना आईने वहीचं एक पान हातावर ठेवलं. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं त्यावर लिहिलेली होती. अक्षर थरथरतं, पण देवनागरी शाळेतल्यासारखी. मी फोटो काढला आणि पान टेबलावर ठेवलं. वाटेत घामाने भिजलं असतं.

बांद्यापर्यंत सगळे उत्साहात होते. टेम्पोवरच्या स्पीकरला एका पोराने फोन जोडला होता आणि तेर्साचं, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचं, ॲप लावलं होतं. ‘नमान मोरिये, कुर्पेन भरलेले’ अशी एकदम छान लय लागली होती. तेर्सातल्या तिसऱ्या रहस्याला, म्हणजे टप्प्याला, अचानक एक बाई गोड आवाजात विचारू लागली, तुम्हाला पाच मिनिटांत कर्ज हवं आहे का? मागून कुणीतरी ‘होय गे बाये’ म्हणाला आणि सगळी रांग हसत सुटली. फादरसुद्धा. मग एका मावशीने गळ्यातली माळ काढली, फोन बंद करायला सांगितला आणि तेर्स पुढे चालू ठेवला. तिच्या माळेला जाहिरात येत नव्हती आणि चार्जिंगही लागत नव्हतं. हे मी, दुकानदार असून, लिहितोय.

पत्रादेवीला हद्द ओलांडली. सरकारी पाट्यांचा रंगढंग बदलला, दारूची दुकानं सुरू झाली. फोनला मात्र पत्ताही नव्हता. मोबाईलच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल, तिथे हद्दच नाही. आमच्या घरांतही नाही म्हणा. निम्मी सोयरीक पलीकडची, तेर्स कोंकणीत, शाळा मराठीत, भांडण मालवणीत.

रात्री एका चॅपेलच्या हॉलमध्ये मुक्काम होता. चाळीस माणसं आणि तीन सॉकेटचा एकच बोर्ड. फोड आलेल्या पायांपेक्षा त्या बोर्डाभोवती जास्त गर्दी. तेर्सवाल्या मावशीने कमरेची पिशवी सोडून फोन पुढे केला. ‘माजो चार्ज होणा नाय रे. बघ मां.’ मी टॉर्च लावून पिनेत बघितलं. आत कापसाचा घट्ट गोळा. पिशवीच्या अस्तराचे धागे महिनोन्‌महिने आत दाबले जातात, मग केबल पूर्ण बसत नाही. मी फोन बंद करायला लावला, मावशीच्या पदराची सेफ्टी पिन घेतली आणि धातूच्या पट्टीला टोक लागू न देता कडेकडेने तो मळ उकरून काढला. राखाडी धागे, तांदळाचा एक कण, आणि मेणाचा बारीक तुकडा. मेणबत्त्या आणि फोन एकाच पिशवीत! दुकानात याचे मी पन्नास रुपये घेतो. मावशीने कपाळावर खुर्स काढून दिला.

तो मेणाचा तुकडा बघत बसलो असताना चर्चने या विषयावर काय काय म्हटलंय ते आठवत गेलं. आपल्याकडे सर्रास समज असतो की चर्च म्हणजे यंत्राला घाबरणारं प्रकरण. तसं काही नाही. व्हॅटिकन रेडिओ १९३१ साली खुद्द मार्कोनीने उभारून दिला. आजारपणामुळे नाताळच्या मिसेला जाता न आलेल्या इटलीतल्या असिसीच्या संत क्लारेला खोलीच्या भिंतीवर ती मिस दिसली होती, अशी कथा आहे. त्यावरून बाराव्या पायस पोपनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती ठरवलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तिका रेंज बरी गावली.’ पण २००२ साली, यूट्यूब जन्माला यायच्या आधीच, व्हॅटिकनने इंटरनेटविषयीच्या आपल्या निवेदनात लिहून ठेवलं होतं की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा-कुमगारासारखे विधी, नसतात. प्रार्थना, वाचन, शिकवण काय हवं ते असेल. पण भाकर, पाणी, तेल, कपाळावरचा हात, यांना माणूस समोरच लागतो. हे वाक्य मी पूर्वी वाचलं होतं आणि कडक वाटलं होतं. आईच्या मिटलेल्या डोळ्यांनी ते मला आधीच समजावलं होतं, मी चहा पीत होतो म्हणून कळलं नाही. तिच्यासाठी तो फोन खिडकी आहे. माझ्यासाठी पळवाट होती.

दुसऱ्या दिवशी कोलवाळला गंमत झाली. आमच्यातला एक कॉलेजचा पोरगा, टी-शर्टवर संत कार्लो अकुटिसचं चित्र, त्याने सकाळच्या प्रार्थनेचा कागद तयार करून आणला होता. भाषा कशी, लोण्यासारखी! ‘हे संत फ्रान्सिस झेवियर, तू पाखरांना उपदेश केलास, लांडग्याला शांत केलंस...’ फादर थांबले. पाखरं आणि लांडगा असिसीच्या फ्रान्सिसचे. झेवियर त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी जन्मला. पोराने कान धरले: चॅटबॉटला लिहायला सांगितलं होतं, वाचून बघितलं नव्हतं. आणि आम्ही उभे होतो कोलवाळच्या चर्चसमोर, जे नेमकं असिसीच्या संत फ्रान्सिसचंच आहे. फादर म्हणाले, ‘जाऊ दे, इथल्या सायबाला ऐकू गेली. पुढची झेवियरला.’

चालता चालता ते त्या पोराशी बोलत होते आणि मी कान देऊन होतो. जानेवारी २०२५मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ११७ परिच्छेदांचं टिपण काढलं आहे. त्याचा गाभा त्यांनी सोपा करून सांगितला. यंत्र हुशारीचं काम करतं, पण त्याला आयुष्य नाही, देह नाही, आणि जबाबदारी तर नाहीच. ती वापरणाऱ्या माणसाच्या गळ्यात. त्याच वर्षी मेमध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेण्यामागेही हाच विषय आहे. तेराव्या लिओंनी १८९१ साली गिरणी-कारखान्यांच्या काळात कामगारांची बाजू मांडली, आता हुशार यंत्रांच्या काळात तेच काम आलंय. पोरगा म्हणाला, ‘म्हणजे पाखरांची चूक माझी.’ ‘तुझीच,’ फादर म्हणाले. टी-शर्टवरचा कार्लो हसत होता. १५ वर्षं जगलेला हा संगणकवेडा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ला संत झाला, आणि त्याचं शरीर असिसीलाच आहे, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेलं.

म्हापसा, मग पर्वरी. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम, तिथली धूळ सांगण्यासारखी नाही. रविवारी पणजीहून रायबंदरच्या बांधावर लागलो. १६३०च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला तीनेक किलोमीटरचा दगडी बांध, दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरं. पायांत आता फोडच चालत होते. तिथे मला झेवियरच्या पत्रांची गोष्ट आठवली. १५४६ साली दूर अंबोन बेटावरून त्याने रोमच्या सोबत्यांना कळवलं होतं की तुमच्या पत्रांवरची तुमच्या हातची नावं मी कापून घेतली आहेत आणि गळ्याजवळ बाळगतो. पुढे त्याच्या जेझुइट संघाचा प्रमुख इग्नेशियसने त्याला परत बोलावणारं पत्र लिहिलं ते जून १५५३मध्ये. झेवियर तर ३ डिसेंबर १५५२लाच चीनच्या किनाऱ्याजवळ गेला होता. निरोप निघाला तेव्हा घेणाराच नव्हता. आम्हाला दोन निळ्या टिका पाच मिनिटांत दिसल्या नाहीत तर जीव वरखाली होतो.

गळ्याजवळची नावं. माझ्या गळ्यात फोनची दोरी होती, आणि आईचं पान टेबलावर.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा तो लाल, गिलावा नसलेला चिरा दिसला तसा तेर्स आपोआप थांबला. रांग लांब होती. सायबाचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी उंचावर, खालून मान वर करून बघायची. रांगेत सरकताना मी फोटो उघडून नावं वाचू लागलो. आजोबा, दोन मावश्या, वाड्यातली बाळंतीण, दुबईतला भाचा. शेवटच्या ओळीवर माझ्याच अंगठ्याची सावली पडली होती, काहीच लागत नव्हतं. बॅटरी चार टक्के. आईला फोन लावला.

‘शेवटचं नाव कुणाचं गे?’

ती थोडा वेळ गप्प. मग शेजारणीचं नाव सांगितलं. बांधावरच्या फणसावरून त्या दोघींचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली.

‘तिचाय घे,’ आई म्हणाली.

मी पेटीकडे बघून नाव घेतलं.

‘घेतलंय?’

‘घेतलं.’

‘मोठ्यान घे रे. तिका आयकाक कमी येता.’