माक्याचं तेल: वात तडतडायची थांबली!

जमलं एकदाचं! मागचा घाणा बाटलीत गढूळ होऊन आंबूस वास मारायला लागला होता, ते इथल्या मंडळींना ठाऊकच आहे. या वेळचं तेल हिरवट-काळं, नितळ, तळाला थेंबभर पाणी नाही.

माल, म्हणजे माका (भृंगराज), चोख होता. फूल पांढरं, देठ चुरडला की रस बघता बघता काळपट. (भृंगराज म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळक्या पुडीत कंबरमोडी या दुसऱ्याच तणाचे लांब दांडे निघाले, तेव्हापासून ताजाच माका. नाग नदीकाठचा मात्र नको. दिसतो रसरशीत, पण पितो सांडपाणी.)

घोडं अडत होतं ते ओलीपाशी. प्रमाण जुनंच: कल्क (वाटलेला लगदा) १, तेल ४, रस १६. म्हणजे १ लिटर तिळाच्या तेलाला पाव किलो वाटलेला माका आणि ४ लिटर रस. रस आटला की वाटतं झालं, पण कल्काच्या गुठळ्या वरून कोरड्या आणि आतून ओल्या. तेच पाणी पुढे बाटलीत उतरतं. स्नेहपाक, म्हणजे औषधी तेल-तूप शिजवणं, एका दिवसात उरकू नये म्हणतात, ते याचसाठी असावं. या वेळी कढई रात्रभर झाकून ठेवली, सकाळी गुठळ्या फोडून पुन्हा मंद आच. थोड्या वेळानं बारीक फेस वर आला. तेलाला फेस शेवटी येतो, तुपाचा शेवटी बसतो. इथे भलेभले गोंधळतात. कल्क बोटांत वळला, वात झाली, बोटाला चिकटली नाही. ओल उरली असती तर ज्योतीवर तडतडली असती; धरली तर चट् नाही की तड् नाही, मुकाट जळली. दोनदा जळवून पाहिली, नुसती मजा म्हणून!

कढई जाड बुडाची लोखंडी, आच गॅसचीच. इंडक्शन कमी केलं तरी थांबून थांबून भडकतं. या कामाला बिनकामाचं. डोक्याच्या तेलाला खरपाकही (कल्क जरा कडक होईपर्यंत शिजवणं) चालतो, पण त्यापुढे गेलं की जळकट वास. आणि हो, पांढरे केस काळे होतील असं मी कुणाला सांगत नाही. रात्री चोळलं की डोकं शांत वाटतं, इतकंच.

पुढचा घाणा खोबरेलात करायचा बेत होता. पण नागपूरच्या थंडीत ते गोठणार, राहू दे. त्यापेक्षा, हे आत्ताच सुचलं, कल्कासाठी सावलीत वाळवलेल्या माक्याची भरड घेतली तर? गुठळ्यांची कटकट अर्धी होईल. रसाला मात्र ढीगभर ताजा माका लागेल. भंडाऱ्याकडे कुणाची धानाची बांधी असेल, तणनाशक न मारलेली, तर सांगा, निंदणीला येतो.