म्हशीचं पोट

कुडाळजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे, सिरॅमिकची शिल्पं करतो आणि शनिवार-रविवारी आसपासच्या पोरांना शिकवतो. हे गेल्या जुलैतलं. पंधरा दिवस ऊन नाही, डब्यातले पापड सादळलेले, आणि मी मात्र पालकांना सांगून बसलेलो की रविवारी भट्टी उघडतोय, या सगळे.

क्लासला नववीतला एक पोरगा येतो, त्यांच्या घरची गणपतीची शाळा (घाटावरच्यांसाठी: शाळा म्हणजे मूर्तींचा कारखाना, अभ्यासाचा काही संबंध नाही). हात असा की मला हेवा वाटतो. त्याने बसलेली म्हैस केली होती, मान वळवून पाठीवरच्या बगळ्याकडे बघणारी, मानेवरच्या वळ्यासुद्धा बरोब्बर. फक्त पूर्ण भरीव. शाडूचा गणपती भाजायचा नसतो, पाण्यात विरघळायचा असतो, तिथे जाडीने काही अडत नाही. भाजायचं शिल्प आतून पोकळ लागतं. माती चामड्यासारखी कडक झाली की तारेने कापायची, चमच्याने पोट कोरायचं, बोटभर जाडी ठेवायची आणि मातीचाच पातळ चिकटा लावून परत जोडायची. दर बॅचला मी हे घसा खरवडून सांगतो, आणि ती म्हैस बघून माझाच हात तारेकडे गेला नाही. त्या मानेवरून तार फिरवायची? म्हटलं जाऊ दे, हळू भाजू.

शुक्रवारी रात्री भट्टी भरताना म्हैस गालाला लावून बघितली. माती आतून ओली असेल तर गालाला गार लागते. लागली गार. पण पावसात सगळंच गार लागतं ना, अशी मीच माझी समजूत काढली. खरं तर रात्रभर ८०-९० डिग्रीवर ठेवायला हवी होती पण मधे दोन तास लाइट गेली, रविवार डोक्यावर, तीन तासात मी तापमान वर चढवलं.

पोरांना मी ५७३ डिग्रीची भीती घालतो, तिथे मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं म्हणून. पण असला घात त्याच्या कितीतरी आधी होतो. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशेपट जागा लागते आणि भरीव पोटातून ती जाणार कुठून? मीटर १७० च्या आसपास असताना आतून फट्ट झालं. लवंगी नाही, सुतळी बॉम्ब.

तिकडे पाँडिचेरीला रे मीकर या सिरॅमिक कलाकाराने मातीची अख्खीच्या अख्खी घरं पेटवून भाजली, आणि माझ्याच्याने एक म्हैस भाजवेना!

रविवारी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. १७ पैकी ११ गेलेली, म्हशीच्या ठिकऱ्यांनी आजूबाजूचं सगळं फोडलेलं, भट्टीच्या तापणाऱ्या तारांच्या खाचांत चुरा. एका चौथीतल्या पोरीच्या कासवाला पाठच नव्हती, ती रडली पण नाही, नुसती बघत राहिली, ते जास्त लागलं. म्हशीचं डोकं तेवढं शाबूत. एक वडील म्हणाले एवढी लाइट जाळून हेच काय? त्या पोराचा आजो सोबत आलेला, त्याने एक जाड ठिकरी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वली होती, मास्तर."

सगळे पोराकडे बघायला लागले, कारण फुटली त्याचीच म्हैस. तेव्हा मात्र मी सांगितलं की चूक माझी, कापायला हवी होती, कापली नाही, गार लागली तरी भट्टीत टाकली. पोरगं मान खाली घालून चुरा गोळा करत होतं.

पुढच्या दोन शनिवारांत त्याने दुसरी म्हैस केली, यावेळी बगळा नाही. मान पहिल्यापेक्षा जरा ताठ, मला पहिलीच आवडली होती पण बोललो नाही. कडक झाल्यावर तार माझ्या हातात दिली.

"सर, तुमीच कापा."

कापली. बाहेरून करडी झालेली माती, आत पोट काळंभोर ओलं. त्याने आत बोट घातलं, गालाला लावलं आणि चमचा मागितला.