तुम्ही विचारलंत म्हणून: मी भौतिकशास्त्र का सोडले

‘भौतिकशास्त्र का सोडलंत?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता विचारणाऱ्याच्या सुरावरूनच त्याचा अर्थ कळतो. जुने सहकारी विचारतात तेव्हा त्यात हळहळ असते. डॉक्टर मंडळी विचारतात तेव्हा, ही आपल्यात कशाला आली, अशी शंका असते. आणि विद्यार्थ्यांना बहुधा त्यांच्या स्वतःच्या निर्णयासाठी एखादा दाखला हवा असतो. तिघांना मी आजवर तीन निरनिराळी उत्तरे देत आले. त्यांतले एकही खोटे नव्हते, पण एकही पुरे नव्हते. मी आधी भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत होते आणि नंतर एका रुग्णालयातल्या संशोधन करणाऱ्या गटात गेले. त्याचे तपशील इथे सांगत बसत नाही.

बचावापासून सुरुवात करते, कारण तो मला पाठ आहे. मी भौतिकशास्त्र सोडलेलेच नाही, असे माझे वर्षानुवर्षांचे म्हणणे होते. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला चिमट्यासारखा लावतात तो पल्स ऑक्सिमीटर घ्या. त्यात दोन दिवे असतात, एक साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि दुसरा साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. रक्तात ऑक्सिजन वाहून नेते ते हिमोग्लोबिन. ऑक्सिजन धरून ठेवलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे नेमके उलटे. अडचण एवढीच की बोटात धमनीतल्या रक्ताखेरीज त्वचा, हाड, शिरांतले रक्त असे बरेच काही असते आणि ते सगळेच प्रकाश शोषते. मात्र हृदयाच्या ठोक्यासरशी कमीजास्त होते ते मुख्यतः धमनीतले रक्त. बाकीचे आहे तसे राहते. म्हणून प्रत्येक रंगाच्या प्रकाशातल्या बदलत्या भागाला स्थिर भागाने भागायचे आणि त्या दोन भागाकारांचे गुणोत्तर काढायचे. ते १ आले तर रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास समजायचे. इतकी देखणी युक्ती ज्या यंत्राच्या पोटात आहे, त्यावर काम करणारीने भौतिकशास्त्र सोडले असे कोण म्हणेल?

ही युक्ती सुचली तीही गमतीने. जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून, रक्तात टोचलेला रंग किती वेगाने विरतो हे मोजू पाहत होते; त्यांना हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते हे काढायचे होते. नाडीच्या ठोक्यांनी त्यांचा आलेख सारखा थरथरत असे. ती थरथर घालवण्यासाठी त्यांनी दोन तरंगलांबींच्या गुणोत्तराचा उपाय केला, आणि रक्तातला ऑक्सिजन बदलला की हा उपाय फसतो असे त्यांच्या ध्यानात आले. जी थरथर काढून टाकायची होती तीच मोजण्याची वस्तू ठरली. हे काम त्यांनी १९७४ मध्ये मांडले. हा किस्सा मी विद्यार्थ्यांना किती वेळा रंगवून सांगितला असेल याची गणती नाही, आणि पुढे मी जे केले ते हा किस्सा सांगत असतानाच्याच काळात केले, हे इथे नोंदवून ठेवते.

रुग्णालयातल्या गटाला एक अभ्यास करायचा होता. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या बोटावरचा ऑक्सिमीटरचा आकडा आणि त्याच वेळी धमनीतून काढलेल्या रक्ताच्या तपासणीतला, म्हणजे ब्लड गॅसमधला आकडा, अशा जोड्या जमवायच्या आणि दोन्ही कितपत जुळतात ते पाहायचे. नोंदीचा तक्ता आखण्याच्या बैठकीला मी नवी होते आणि भौतिकशास्त्राची एकटीच होते. कच्च्या तक्त्यात वय, लिंग, ताप, रक्तदाब यांच्यापुढे ‘त्वचेचा रंग’ असा एक रकाना होता. तो मी काढायला लावला. फळ्यावर जाऊन समीकरण मांडले आणि सांगितले की त्वचेतले मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारे द्रव्य, ठोक्याबरोबर हलत नाही. ते अंशातही आहे आणि छेदातही, त्यामुळे गुणोत्तरात ते कटून जाते. शिवाय रंगाची नोंद डोळ्यांनी करायची म्हणजे व्यक्तिनिष्ठ कारभार आणि नाजूक विषय, हवाय कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. रकाना गेला. मला त्या दिवशी बरे वाटले होते, कारण माझ्या विषयाचा काही उपयोग आहे असे पहिल्यांदाच दिसले होते.

नोंदी आल्या. बहुतेक जोड्या जुळत होत्या, पण काही अगदीच विसंगत होत्या: बोटावर ९५ आणि रक्तात ८६, अशा. उत्पादकांनी यंत्राची जी सरासरी चूक सांगितलेली असते ती साधारण ३ टक्क्यांच्या घरातली, म्हणजे शंभरातली पंच्याण्णव वाचने ६ च्या आत असायला हवीत. म्हणून मी नियम केला की फरक ६ पेक्षा जास्त असेल तर ती जोडी बाद. कारणेही तयार होती: थंड पडलेली बोटे, हात हलणे, नखांना रंग, रक्त काढल्याची वेळ आणि आकड्याची वेळ यांत तफावत. ही सगळी कारणे खरी आहेत, ती प्रत्यक्षात घडतात. पण यंत्राची चूक किती हे तपासायला निघालेल्या अभ्यासात, यंत्राची सांगितलेली चूक खरी धरून तिच्याबाहेरच्या नोंदी काढून टाकणे म्हणजे नापासांचे पेपर बाजूला ठेवून शंभर टक्के निकाल लावणे होय. आज हे वाक्य लिहायला मला एक मिनिट लागले. त्या वेळी ते सुचले नाही, आणि गटातल्या दुसऱ्या कोणालाही सुचले नाही, हे माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल.

बाद जोड्यांची यादी मी पडद्यावर तांबड्या रंगात केली होती. रात्रपाळीच्या सिस्टर एक प्रोब, म्हणजे ऑक्सिमीटरचा बोटाला लावायचा चिमटा, परत न्यायला आल्या आणि माझ्या खांद्यामागे थबकल्या. त्या काळात यादीत खाटेचा क्रमांक आणि तारीख असे.

“ह्या लाल का केल्यात, मॅडम?”

मी म्हणाले की ही वाचने भरवशाची नाहीत, हात गार पडले की असे होते.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. “ह्यांचे हात गार नव्हते. ताप होता ह्यांना. रक्त मीच काढलं होतं.” मग आणखी दोन ओळी दाखवल्या. एकीबद्दल त्यांना आठवत होते की मॉनिटरवर आकडा चांगला होता, पण माणूस धापा टाकत होता, आणि आकडा चांगला असल्यामुळे डॉक्टरांना बोलवावे की नाही या विचारात त्यांचा थोडा वेळ गेला होता. किती वेळ, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मी काय केले? मी त्यांना गुणोत्तर समजावून सांगितले. कागद घेतला, अंश-छेद मांडले, काय कटते आणि काय उरते ते दाखवले. सात-आठ मिनिटे मी बोलत होते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, “मग ह्या तिघांचा आकडा चुकला कशानं?” मी वेळेतल्या तफावतीचे कारण दिले. त्या म्हणाल्या, “असेल,” आणि प्रोब घेऊन गेल्या. जाताना दारात थांबून एवढे म्हणाल्या की तिघेही सावळ्यापेक्षा बरेच काळे होते, त्यामुळे ओठ निळे पडलेत का हेही नीट दिसत नव्हते. त्यात आरोप नव्हता. पाळी बदलताना सांगतात तसे सांगितले होते.

त्या रात्री मला तो रकाना हवा होता. तो मीच काढला होता.

या प्रसंगावर मी माझ्याशीच इतक्या वेळा भांडले आहे की दोन्ही बाजूंचे मुद्दे आता घासून गुळगुळीत झाले आहेत. त्या वेळची मी म्हणते की एका सिस्टरच्या आठवणीतले तीन रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे. विसंगत आणि गडद एवढेच लक्षात राहते, जुळलेले आणि गडद कोणाच्या लक्षात राहत नाही. हे तिचे म्हणणे बरोबर आहे. आजची मी म्हणते की पुरावा नव्हता कारण तो जमवायची सोयच तू काढून टाकलीस. हेही बरोबर आहे. मी गटाला सांगितले, थोडी चर्चा झाली, आणि शोधनिबंधात एक वाक्य गेले की ठराविक मर्यादेबाहेरची वाचने वगळली आहेत. ते वाक्य मीच लिहिले. त्यात खोटा असा एकही शब्द नाही. रुग्णांची ओळख पटेल अशा खुणा पुढे नियमाप्रमाणे नोंदींतून पुसल्या गेल्या, आणि तो नियम योग्यच आहे. पण त्यामुळे त्या तांबड्या ओळींमागे कोण होते हे आता कोणालाच शोधता येणार नाही. माझ्या रुग्णालयात त्वचेच्या रंगामुळे यंत्र चुकले असे मी म्हणू शकत नाही. चुकले नाही असेही म्हणू शकत नाही.

नंतर वाचायला बसले तेव्हा कळले की ही गोष्ट नवीन नव्हतीच. १९९० मध्ये श्वसनविकारांच्या एका नियतकालिकात जुब्रान आणि टोबिन यांनी कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांबद्दल लिहून ठेवले होते की गोऱ्या रुग्णांत बोटावरचा आकडा ९२ ठेवला तर पुरते, पण कृष्णवर्णीयांत तेवढ्याच खात्रीसाठी तो ९५ हवा. २००५ मध्ये भूलशास्त्राच्या नियतकालिकात निरोगी स्वयंसेवकांवरचा अभ्यास आला; ऑक्सिजन कमी होत गेला की गडद त्वचेत यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, असे त्यात होते. मी प्रकाशाचे विकिरण वाचत होते, श्वसनविकारांचे नियतकालिक मी कशाला उघडेन? आणि ज्यांनी ते उघडले होते त्यांना फळ्यावरच्या माझ्या समीकरणाला आव्हान देणे आपले काम वाटले नसणार. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी मांडल्या तेव्हा मग सगळ्यांनी ऐकले: बोटावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तात ८८ पेक्षा कमी निघण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते, गोऱ्यांत ३.६ टक्के. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आओयागी वारले होते, आणि जगभर माणसे त्यांची युक्ती बोटाला लावून बसली होती.

माझे समीकरण मग कुठे चुकले? ते चुकले नाही, आणि हेच पटवून द्यायला मला सर्वांत कठीण जाते. त्यातली प्रत्येक पायरी बरोबर आहे, फक्त ती ज्या बोटासाठी लिहिली आहे तसे बोट कोणाला नसते. दिव्याचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, त्याला थोडी रुंदी असते. मेलॅनिन कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषते, त्यामुळे पलीकडे पोचणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा कल किंचित सरकतो. प्रकाश सरळ जात नाही, ऊतींत इकडेतिकडे विखुरतो. आणि पोचणारा प्रकाशच कमी असला की नाडीचा संकेत क्षीण होतो. म्हणूनच अभियंते समीकरणावर विसंबत नाहीत. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, रक्तातले प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत खाली आणतात आणि गुणोत्तराला आकडा जोडणारा तक्ता प्रत्यक्ष मोजून बनवतात. ते स्वयंसेवक किती आणि कोण? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार किमान १० जण, आणि त्यांत गडद त्वचेचे किमान २ किंवा १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. मी समीकरणाकडे बोट दाखवत होते आणि यंत्र मात्र मूठभर माणसांच्या बोटांवरून शिकलेले होते. अभियंत्याने ‘अधिक-उणे’ लिहून दिलेला आकडा डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर नुसता आकडा होतो, आणि सार्वजनिक आरोग्याच्या नियमात गेला की ती रेषा होते: ९० च्या खाली गंभीर, वर नाही. त्या प्रवासात ‘अधिक-उणे’ नेमके कोणाच्या हातून सांडते, हे मी कितीतरी बैठकांत विचारून पाहिले आहे. प्रत्येक जण शेजारच्या विषयाकडे पाहतो. माझ्या बाबतीत ते माझ्याच हातून सांडले होते, तेही फळ्यासमोर उभे राहून.

तर का सोडले? पश्चात्तापाने, असे म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होते, पण ते तितकेसे खरे नाही; पश्चात्तापाला पुरेल एवढी खात्रीच मला नाही, हे वर सांगितलेच. प्रयोगशाळेत परत जायची संधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी गेले नाही, कारण तिथे माझे समीकरण पुन्हा बरोबर ठरले असते. काही दिवस हे उत्तर मला पटते. काही दिवस वाटते की मी केवळ त्या सिस्टरच्या प्रश्नाचे उत्तर न देता आल्यामुळे अडकून पडले आहे, आणि त्याला विषयांतर हे भारदस्त नाव दिले आहे.

सध्या एका नव्या अभ्यासाचा तक्ता आखणे चालू आहे. रकाना आहे. पण त्यात काय भरायचे यावर तीन बैठका झाल्या. डोळ्यांनी पाहून दहा छटांच्या पट्टीवर खूण करायची, की त्वचेवर टेकवायच्या प्रकाशमापकाने मोजायचे? मोजायचे तर कुठे, कपाळावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, की जिथे प्रोब लागतो त्या बोटावर? बोटाच्या पेराची आणि कपाळाची छटा एक नसते. मी बोटावर मोजण्याच्या बाजूची आहे, कारण प्रकाश तिथून जातो. परिचारिकांचे म्हणणे आहे की गंभीर रुग्णाच्या बोटावर आणखी एक उपकरण टेकवायला हात आणि वेळ कोणाकडे आहे, ते आधी सांगा. मागच्या बैठकीत मी पुन्हा फळ्याकडे निघाले होते. खडू हातात घेतला होता, तो खाली ठेवला, आणि अतिदक्षता विभागात एका पाळीत किती वेळा प्रोब बदलतात हे विचारले. उत्तर यायचे आहे.