मराथी नावाच्या गावातली खाण

पारिकियाच्या बंदरावर बसच्या ड्रायव्हरला "मराथी" एवढंच सांगितलं आणि मला हसू आलं. ग्रीसमधल्या पॅरोस बेटावरच्या या गावाचं नाव खरोखरच ते आहे. ग्रीकमध्ये 'माराथो' म्हणजे बडीशेप. आपल्या भाषेशी नातं शून्य. तरी दादाने पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतलाच, आणि मिनिटाभरात तो घरच्या ग्रुपवर गेला.

आम्ही आलो होतो दगडासाठी. चार दिवसांपूर्वी व्हॅटिकनच्या संग्रहालयात रोमन सम्राट ऑगस्टसचा तो हात उंचावलेला पुतळा पाहिला होता. 1863 साली रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे, त्याची राणी लिव्हिया हिच्या वाड्याच्या अवशेषांत सापडलेला. त्याचा संगमरवर इथला. संशोधक हे शोधतात कसं, तर एक बारीकशी कपची घेऊन तिची पूड ॲसिडमध्ये टाकायची आणि निघालेल्या वायूतल्या कार्बन-ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण खाणीतल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. दोन खाणींचे आकडे कधी कधी सारखे येतात, मग कणांचा आकार बघायचा. पत्रिका जुळवण्याचाच प्रकार, पण जरा भरवशाचा.

माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. ऑगस्टसच्या काळात इटलीतच लूनीच्या, म्हणजे आजच्या काराराच्या, खाणी जोरात होत्या. घरचा पांढराशुभ्र दगड सोडून समुद्रापारचा कशाला आणायचा?

खाणीच्या तोंडाशी कातळात अप्सरांचं शिल्प कोरलंय. बरंच झिजलंय, पण खाली ते अर्पण करणाऱ्याचं नाव आहे: आदामास. आत उतार चांगलाच तीव्र, पायाखाली ढलप्यांचा खच; मी दोनदा बसकण मारली. दहा-पंधरा पावलांत उजेड संपला. या संगमरवराला 'लिख्निटीस' म्हणत. 'लिख्नोस' म्हणजे दिवा. बोगद्यात दिव्यांच्या उजेडात तो काढायचे म्हणून हे नाव, असं प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. भिंतीवर टिकावाचे तिरके घाव अजून ओळीने दिसतात, शेणाने सारवलेल्या भिंतीवर बोटं उमटावीत तसे. एका घावाच्या खोबणीत मी बोट फिरवलं. कडा अजून बोचते.

"अगं, ही तर खडीसाखर!" दादाने पायाशी पडलेला एक तुकडा उचलला. तुटलेल्या बाजूला मोठे, चमचमणारे कण. काराराचा दगड याहून खूप बारीक कणांचा असतो. मोबाइलची बॅटरी बारा टक्क्यांवर आली होती, तरी टॉर्च तुकड्याच्या मागे धरला. दगड आतून उजळला. तळहातामागे दिवा धरल्यावर बोटांच्या कडा दिसतात ना, तसा. रोममध्ये त्या पुतळ्याचे गाल मला कातडीसारखे का वाटले, ते तेव्हा कळलं.

दादाला तुकडा खिशात टाकायचा होता. मी तो काढून घेतला आणि होता तिथेच ठेवला.