नारायणगावची थंडी आणि पेपरातले घड

जानेवारीत नारायणगावला जायचं तर चाकणची ट्रॅफिक जागी व्हायच्या आत पुणं सोडावं. साधारण पंचाहत्तर किलोमीटर. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मंचरच्या पुढे काच खाली केली की जो गारठा आत घुसतो, त्यासाठी मात्र मफलर हवाच.

मामांची दोन एकर द्राक्षबाग, थॉमसन जातीची. कामाला घरचीच माणसं, विरळणीला तेवढी बायकांची टोळी. पोचलो तेव्हा कानटोपीतले मामा बांधावरच्या शेकोटीत ओलसर पाचट टाकत होते. "जाळ नको, धूर पायजे. बागेवर बसला पायजे." ठिबकही चालू होतं, कारण विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट. लाईट रात्रीची असली की मोटार चालू करायला मामी त्यांना एकटं सोडत नाहीत. शेजारी ऊस आहे आणि हा जुन्नर तालुका आहे, बिबट्याचं वेगळं सांगायला नको.

उजाडल्यावर मामी घडांना पेपर लावायला लागल्या. मण्यांत पाणी उतरताना कडाक्याची थंडी पडली की हिरवे मणी गुलाबी पडतात. असा माल निर्यातीचा व्यापारी घेत नाही. म्हणून घड आधीच झाकायचे. रद्दीचं अर्धं पान घडाभोवती फिरवायचं, देठाशी चुणी घालून स्टेपलरची एक पिन मारायची. मण्यावरचा पांढरट थर पुसला जाता कामा नये, त्यामुळे बोटं कागदालाच लागतात, घडाला नाही. एका घडावर वधू पाहिजे, शेजारच्यावर महापालिकेची निविदा. पुण्याची अर्धी रद्दी इथेच येत असावी!

फ्रान्समध्ये शाब्लीला एप्रिलच्या रात्री असेच ओळींमधून मेणाचे डबे पेटवतात. तिथली वेल हिवाळाभर पानं गाळून झोपते. छाटणी एकच, त्या झोपेतली. घोर लागतो तो वसंतात, कोंब फुटल्यावर पारा शून्याखाली गेला तर. काही जण कोंबांवर रात्रभर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे फवारा चालू असेपर्यंत बर्फाच्या आतला कोंब वाचतो. तरी एप्रिल 2021 मध्ये फ्रान्सभर बागा करपल्याच.

आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून छाटण्या दोन. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. म्हणजे थंडी येते तेव्हा त्यांच्याकडे वेल उघडी, आपल्याकडे घडांनी लगडलेली. शून्य लांबच राहिलं, पारा सात-आठवर आला तरी मण्यांची फुगवण थांबते आणि दुपारी ऊन तापलं की मणी तडकतात.

हे मामांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यांची झोपती तरी. आपली झोपत न्हाई अन् आपल्यालाबी झोपू देत न्हाई."

दहाच्या सुमाराला व्यापारी आला. तिसऱ्या ओळीतला एक पेपर फाडून त्याने घड फिरवून पाहिला. हिरवागार. मणी चिरडून गोडी मोजायच्या यंत्राला डोळा लावला, "सोळा. अठरा ब्रिक्स होऊ द्या, मग बोलू." दराचा विषय त्याने काढला नाही, मामांनीही नाही. मला ते जरा खटकलंच.

तुम्हाला बाग बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. आणि घडाला हात घालण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. औषधानंतर किती दिवस थांबायचं ते मामांच्या वहीत लिहिलेलं असतं. ती वही ते पाहुण्यांनाही दाखवतात.