तार आली का?

मागच्या वर्षी या सुमाराला माझा सगळा भरवसा मोबाईलमधल्या एका गुलाबी फुलावर होता. पाळीची तारीख टाकली की ॲप चौदाव्या दिवशी ते फूल उमलवायचं, आणि आम्ही दोघं बाराव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत इमानेइतबारे चान्स घ्यायचो. असे आठ महिने गेले. पाळी यायची ती पस्तिसाव्या नाहीतर छत्तिसाव्या दिवशी, म्हणजे दर महिन्याचा एक आठवडा 'या वेळी राहिलं असेल' या आशेवर जायचा आणि मग एक दिवस बाथरूममध्ये रडण्यात.

ॲपची चूक नव्हती. सुरुवातीला त्यात २८ दिवसांचं चक्र गृहीत धरलेलं होतं, ते मी कधी बदललंच नाही.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. डॉक्टरांकडे न जाता एका लॅबचं पॅकेज घेतलं. त्यात 'एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन' होतं, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी. रिपोर्ट आला ०.६. तीनच्या वर असेल तर बीज फुटलंय, म्हणजे त्या महिन्याचं स्त्रीबीज बाहेर पडलंय, एवढं मी वाचलं होतं. म्हणजे आपलं बीज फुटतच नाही, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, "तू दुसरं लग्न कर." तो म्हणाला, "आधी जेव."

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "पाळी किती दिवसांनी येते?" पस्तीस म्हटल्यावर त्यांनी कागदावर पस्तीस लिहून त्यातून चौदा वजा केले. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये दोन आठवड्यांच्या आसपास असतो. कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागं. माझं बीज एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे फुटत होतं, आणि आम्ही सोळाव्यालाच दुकान बंद करत होतो. ती रक्ततपासणीसुद्धा बीज फुटल्यावर साधारण सात दिवसांनी करायची असते, म्हणजे माझ्या बाबतीत अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढच्या महिन्यात त्या दिवशी केली तर आकडा ११ आला.

त्यांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि नवऱ्याची वीर्यतपासणीही सांगितली. नवरा आधी जरा आखडला, पण गेला. सगळं ठीक निघालं. माझं वय एकतीस, म्हणून वर्षभर वाट पाहायला हरकत नव्हती. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच दाखवायला यायचं असतं, असं त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "मधल्या दिवसांत पांढरं जातं का?"

मी घाबरत हो म्हटलं. आमच्याकडे 'अंगावरून पांढरं जातं' म्हणजे आजार. हाडं झिजतात, कंबर जाते, असं ऐकतच मोठी झाले. कॉलेजात असताना आईने यासाठी किती काढे पाजले असतील त्याची गणती नाही. मॅडम म्हणाल्या, "खाज, वास किंवा दह्यासारखं चोथापाणी असेल तर औषध घ्यायचं. पण पाळीच्या मधे तीन-चार दिवस पारदर्शक, निसरडं जातं ना, ते आजाराचं नाही. तेच तर बघायचंय. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं."

आता पंचाईत अशी की माझं माहेर पंढरपूरजवळचं, माळकरी. सांगलीला सासरीही अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. कच्चं अंडं मी जन्मात फोडलेलं नाही. माझा चेहरा बघून मॅडम हसल्या. "लाडवांचा पाक करता ना? एकतारी?" आणि अंगठा आणि तर्जनी जुळवून हळूच लांब केली.

ते मात्र क्षणात कळलं. दोन बोटांत धरलं आणि तुटलं, चिकट गोळा झाला, तर अजून वेळ आहे. काचेसारखं स्वच्छ, निसरडं, बोटं लांब नेली तरी न तुटणारी तार आली, की दिवस जवळ आले. शुक्रजंतू या स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र बारा ते चोवीस तासच टिकतं. म्हणून बीज फुटायची वाट बघायची नाही, तार दिसायला लागली की एक दिवसाआड तरी जवळ यायचं. तार नाहीशी झाली की संपलं.

ज्याला मी पंधरा वर्षं रोग समजत होते तो माझ्या तब्येतीचा चांगुलपणा निघाला. खरं सांगते, आईचा रागच आला होता. नंतर वाटलं, तिला तरी कोणी सांगितलं होतं?

बाकीचे उद्योगही केले. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर. बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अंगाची उष्णता अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने चढते, पाळीपर्यंत चढलेलीच राहते. माझी ९७.२ वरून ९७.९ वर जायची. अडचण अशी की आमच्या गल्लीत पाणी येतं पहाटे पाचला. नळ वाजला की मी थर्मामीटरसकट उठणार, आणि एकदा उठून बादल्या भरल्या की त्या आकड्याला काही अर्थ नाही. शिवाय उष्णता चढलेली दिसते तोवर बीज फुटून गेलेलं असतं. बैल गेला नि झोपा केला. तीन-चार महिने वहीत लिहिलं तर आपली चाल कळते, एवढाच त्याचा उपयोग.

एलएच म्हणजे बीज फुटायच्या जरा आधी एकदम वाढणारं हार्मोन. लघवीत ते दाखवणाऱ्या पट्ट्या आणायला गेले तर मेडिकलवाल्याने प्रेग्नन्सीची पट्टी दिली. "ती नको, त्याच्या आधीची," म्हटल्यावर रांगेतले दोन काका छताकडे बघायला लागले. त्या पट्टीत मी पुन्हा फसले. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर फिकट रेघ आली तरी अर्थ असतो, इथे नसतो. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद हवी, मग पुढच्या चोवीस ते छत्तीस तासांत बीज फुटतं. पहिल्या महिन्यात मी सलग सहा दिवस फिकट रेघेवर नवऱ्याला 'आज' असा मेसेज केला. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "मस्टरवर सही केल्यासारखं वाटायला लागलंय." भांडण झालं. ते सगळं इथे लिहीत नाही. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर या पट्ट्या उगाचही गडद दाखवतात, हे मात्र माहीत असू द्या.

एका महिन्यात मॅडमनी खात्रीसाठी फॉलिक्युलर स्टडी केली, म्हणजे दिवसाआड आतून सोनोग्राफी. सोळाव्या दिवशी बीजाची पिशवी १३ मिलिमीटर, अठराव्याला १६, विसाव्याला साडेएकोणीस. बाविसाव्याला फुटलेली. वहीत बघितलं तर तार अठरा ते एकवीस, पट्टी गडद विसाव्याला. एकविसाव्या दिवशी ओटीपोटात उजवीकडे कळ आली म्हणून मी गॅस समजून ओवा खाल्ला होता. ती कळही त्याचीच, पण दर महिन्याला आली नाही, म्हणून तिच्यावर विसंबले नाही.

सगळ्यांत खरी ठरली ती फुकटची तार. आता सातवा महिना चालू आहे.

ते झालं दिवाळीत. पाडव्याला नवरा माहेरी आला, भाऊबीजेला त्याची बहीण येणार म्हणून सकाळीच सांगलीला परतला. मी आठवडाभर राहणार होते. थर्मामीटर आणि पट्ट्या सासरीच राहिल्या होत्या. दिवस मोजले होते, पण अजून दोन-तीन दिवस आहेत असा हिशेब होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले आणि बघते तर स्वच्छ, लांब तार. अठरावा दिवस.

गच्चीवर जाऊन फोन लावला. "आज ये."

"अगं, कालच तर आलो तिथून. काय सांगू सगळ्यांना?"

"काहीही सांग."

संध्याकाळची एस.टी. पकडून रात्री साडेदहाला तो दारात उभा. अण्णा झोपेतून उठून आले, आई पदर सावरत. "जावईबापू? सगळं बरं आहे ना?"

"हो हो. चार्जर राहिला होता."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाच्या खिशातून लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन झोपले. आईने दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं.